पहाटेचं कोमट इंजिन

सूनबाई डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायची. पहाटे पावणेसहाला पहिला टँकर फाटकातून आत शिरायचा, आणि त्याच्या आधी तिनं पांढरा कोट चढवून, हात धुऊन टेबलापाशी उभं असायला हवं, असा तिथला शिरस्ता होता. तिनं नमुना तपासून हो म्हटल्याशिवाय टँकरची तोटी उघडत नसे. ती आली नाही की मागचे टँकर रस्त्यावर रांग लावायचे, ड्रायव्हर मंडळी हॉर्नवर हात ठेवून बसायची, आणि प्रयोगशाळेच्या मुख्य बाई घड्याळाकडे न बघता किती मिनिटं उशीर झालाय ते सांगायच्या. ह्या बाईंना पाठीमागे सगळे ‘थर्मामीटर’ म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती.

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. सहा महिन्यांत तीन उशीर झाले तर नमस्कार, नाही झाले तर कायम. पहिले चार महिने कसे लोण्यासारखे गेले. मग थंडी पडली, गाडी रुसली, आणि बघता बघता दोन उशीर पदरात पडले. आता महिना उरला होता, आणि त्यात एकही उशीर परवडणारा नव्हता.

नुसती नोकरीच जाणार असती तर तिनं मनाला एवढं लावून घेतलं नसतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासूसासरे, एवढीच तीन माणसं. दूरच्या शहरात राहणारा तिचा मोठा भाऊ दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी एकच तुणतुणं लावायचा, “तिथं कुणासाठी राहतेस? वरची खोली रिकामी आहे, ये निघून.” शेवटी दोघांचं असं ठरलं, की नोकरी कायम झाली तर तिनं इथं राहायचं, नाहीतर सामान बांधायचं. हे तिनं जेवताना घरात सांगितलं, तेव्हा सासू ताटातच बघत म्हणाली, “बरोबर आहे त्याचं.” सासरे पाणी प्यायले आणि म्हणाले, “तिची मर्जी.” झालं, संपली चर्चा. सूनबाईनं भांडी घासता घासता मनाशी नोंद केली, की आपण गेलो तर ह्या दोघांना फारसं जड जाणार नाही. तिला मात्र फार जड जाणार होतं. ह्या घरातल्या ओट्याची उंची, सासूचं उगाच करवादणं, सासऱ्यांचं मुक्याचं व्रत, सगळ्याची तिला सवय झाली होती, आणि सवय हा शब्द ती प्रेम म्हणायला लाजत होती म्हणून वापरत होती.

सासऱ्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ते बसचे ड्रायव्हर होते, पंचवीस वर्षं. उजवा डोळा अधू झाला आणि स्टिअरिंग सुटलं, तेव्हापासून बोलणंही जवळजवळ सुटलं. दिवसाला चार वाक्यं, त्यातलं एक ‘मीठ दे’. पहाटे सव्वाचारला उठून ते फिरायला जात ते साडेपाचला परतत. त्यांनी कधीकाळी घेतलेली जुनी पेट्रोल गाडी आता सूनबाई चालवायची. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची उघडी शेड होती, घरापासून साठेक पावलांवर, तिथं ती उभी असायची. डेअरी अकरा किलोमीटर लांब आणि पहिली बस साडेसहाची, म्हणजे गाडीवाचून गत्यंतर नव्हतं.

थंडीत गाडी सुरू होत नाही, एवढं वाक्य गल्लीत पडायचा अवकाश, घरोघरी इंजिनाचे वैद्य उगवतात. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, ऑइल पातळ घाला. त्यांच्या बायको म्हणाल्या, ह्यांचं ऐकू नका, ह्यांची स्वतःची सायकल गंजलीय. कुणी म्हणालं बॅटरी, कुणी म्हणालं टाकीत पाणी. सूनबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्री साठीचा, कानात कापूस, आणि गाडीपेक्षा गाडीच्या मालकावर जास्त संशय घेणारा. त्यानं बॅटरी तपासली, तारांची तोंडं घासून साफ केली, प्लग बदलले. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच. घरघर, घरघर, मग खोकला, मग दहा मिनिटं मौन. पेट्रोलचा वास मात्र नाक फाटेल एवढा.

“ताई, चोक किती वेळा ओढता?” मिस्त्रीनं दरडावून विचारलं. चोक म्हणजे गार इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजणारी खुंटी.

“एकदाच. तुम्ही सांगितलं तसा. सुरू झाली की हळूहळू आत ढकलते.”

“नक्की?”

“मिस्त्री, मी दिवसाला चाळीस नमुने तपासते. एकदा म्हणजे एकदाच.”

“मग एक करा. तपासणीच करता ना, तर हिचीही करा. रोजचं लिहून ठेवा. थंडी किती, किती वेळा किल्ली मारली, काय झालं. आपण दोघं अंदाजानं डोकं फोडून घेतोय.”

हे तिला मनापासून पटलं. तिनं प्रयोगशाळेतला एक जुना थर्मामीटर आणून शेडमध्ये टांगला आणि वही केली. उशीर नको म्हणून रोज साडेचारला उठू लागली, आंघोळ उरकून पाचला शेडमध्ये हजर. पंधरा मिनिटं झटापट करायची, गाडी कशीबशी सुरू व्हायची, आणि ती डेअरीत दोन-तीन मिनिटं राखून पोचायची. तोवर पाठीला घाम फुटलेला असायचा, तोही कडाक्याच्या थंडीत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती वहीखातर पाचलाच शेडमध्ये जायची.

नवव्या दिवशी ती वही घेऊन मिस्त्रीच्या पुढ्यात बसली.

“हे बघा. सगळ्यात जास्त थंडी रविवारी होती. काचेवर दव गोठलं होतं. आणि रविवारी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.”

“होतं असं एखाद्या दिवशी.”

“थांबा ना. ह्या आठवड्यात मी सुट्टी बदलून बुधवारी घेतली. बुधवारीही पहिल्या किल्लीला. बाकी सगळे दिवस रडारड. थंडी कमी असली तरी रडारड.”

मिस्त्रीनं कानातला कापूस काढला, वहीकडे पाहिलं, कापूस परत घातला. “म्हणजे हिला थंडीचं काही नाही. हिला कामावर जायचा कंटाळा आहे.”

“माझ्यासारखाच,” सूनबाई म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

हसून झाल्यावर मिस्त्रीनं तिला एक लांब पाना दिला. उद्या किल्ली मारायच्या आधी प्लग काढून बघायचा. कोरडा असेल तर एक रोग, ओला असेल तर दुसरा. प्लग कसा काढायचा ते त्यानं तिला तिथंच तीनदा करून दाखवलं, आणि चौथ्यांदा तिच्याकडून करून घेतलं. एवढं समजावून सांगणारा मिस्त्री मिळायला नशीब लागतं, असं तिला परत येताना वाटत राहिलं. तिनं ते त्याला सांगितलंही होतं. त्यावर तो गुरकावला, की पाना उद्या परत आणा.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं बॉनेट उघडलं. हातमोजे घालून पाना नीट धरता येईना, म्हणून तिनं उजव्या हातातला मोजा काढला. प्लग सोडवताना बोटं इंजिनाला टेकली आणि ती दचकून मागे सरली.

इंजिन कोमट होतं.

तिनं पुन्हा हात लावला. भास नव्हता. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी बर्फासारखी गार असायला हवी, आणि ही चहा पिऊन ठेवलेल्या कपासारखी कोमट. इतके दिवस मोज्यांमुळे तिला पत्ताच लागला नव्हता. प्लग पेट्रोलनं निथळत होते. चारही प्लग पुसून, वाळवून तिनं परत बसवले, गाडी सुरू झाली, ती वेळेवर पोचली, पण दिवसभर तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. लॅक्टोमीटर बुडवून ती आकडा वाचायलाच विसरली. कुणीतरी पहाटे आपली गाडी वापरतंय. खोटी किल्ली बनवलीय. सुट्टीच्या दिवशी वापरत नाही, म्हणजे आपल्या कामाच्या वेळा त्याला ठाऊक आहेत. माहितगार चोर!

घरात तिनं अवाक्षर काढलं नाही. म्हातारी माणसं, उगाच धसका घेतील. पोलिसात जावं तर चोरी कशाची लिहायची? चोरानं गाडी रोज जिथल्या तिथं आणून लावली होती. तेव्हा चोराला आपणच पकडायचं आणि चांगला खडसवायचा, असं तिनं ठरवलं. उरलेल्या वीस दिवसांवर तिचं इथलं राहणं लटकलं होतं, आणि कुठल्या तरी उपटसुंभाच्या फेरफटक्यासाठी ते ती हातचं जाऊ देणार नव्हती.

म्हणून दुसऱ्याच दिवशी पहाटे चार वाजता ती अंगावर कोट, खांद्याला पिशवी अशी पूर्ण तयार होऊन पावलं न वाजवता घराबाहेर पडली. शेडच्या मागच्या भिंतीशी एक जुनं लोखंडी कपाट होतं. त्याच्या आणि भिंतीच्या फटीत ती शिरली. हातात मिस्त्रीचा पाना. दात वाजत होते ते थंडीनं की भीतीनं, ह्याचा निवाडा तिला करता येईना.

पंचवीस मिनिटं गेली. मग पावलं वाजली. टॉर्चचा उजेड शेडमध्ये शिरला. गाडीचं दार उघडलं. तिनं पाना उगारला आणि फटीतून डोकावून पाहिलं.

सासरे होते.

कानटोपी, मफलर, फिरायला जायची काठी. त्यांनी टॉर्च दातात धरला, चोक ओढला, किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. सासरे बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि मोठ्यांदा आकडे मोजू लागले. एक, दोन, तीन. तीस झाल्यावर आत वाकून त्यांनी गाडी बंद केली. मग बॉनेटवर दोन थापट्या मारल्या.

“चल गं म्हातारे,” ते गाडीला म्हणाले. “झाली तुझी झोप. आता नाटकं करू नकोस. पोर कष्टाची आहे, तिला वेळेवर पोचव. माझा डोळा धड असता तर मीच सोडून आलो असतो, तुझ्या पाया पडायची वेळ आली नसती.”

दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. सूनबाईनं मनातल्या मनात मोजली, आताच पाच झाली होती, आणि ती पाचही तिच्यासाठी. पाना धरलेला हात आपोआप खाली आला. ते काठी टेकत निघून गेले. बाहेर येऊन त्यांच्या गळ्यात पडावं असं तिला वाटलं. पण ती फटीतच उभी राहिली. डोळे पाण्यानं भरले होते. तीस मोजून गाडी तापायच्या आतच बंद केली, म्हणजे इंजिनात ओतलेलं निम्मं पेट्रोल न जळता तसंच राहिलं, प्लग ओले झाले, आणि रोग कुठला ते कळलं. कळून तिला जेवढा आनंद झाला तेवढंच रडूही आलं.

तेवढ्यात पुन्हा पावलं वाजली. ह्या वेळी चपला, सपक सपक.

सासू. अंगावर शाल, डोक्याला रुमाल, हातात स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची दुसरी किल्ली, जी सासरे नुकतीच तिथं परत लावून गेले असणार. सूनबाई रोज ज्या वेळी आंघोळीला असायची, नेमकी ती वेळ.

“आज उठली नाही अजून,” सासू स्वतःशी पुटपुटली. “झोपू दे पाच मिनिटं. आधी हिचं बघते, मग उठवते.”

सासू कशीबशी ड्रायव्हरच्या जागी बसली. चोक तिनं दोन्ही हातांनी ओढला, उरलंसुरलं पाणी काढताना विहिरीचा दोर ओढावा तसा, पार टोकापर्यंत. किल्ली फिरवली. घरघर. पुन्हा घरघर. “अगं, हो ना,” सासू गाडीला म्हणाली. “वीस दिवस राहिलेत, एवढे नीट वाग. मग हवं तर उन्हाळाभर झोपून राहा. ती गेली तर त्या घरात आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसणार. ह्यांचं तोंड तर तू बघितलंयस.”

तिसऱ्या खेपेला गाडी धडपडत, खोकत, काळा धूर सोडत सुरू झाली. सासूनं समाधानानं मान हलवली आणि बंद करायला हात किल्लीकडे नेला.

“आई, बंद करू नका!”

सूनबाई कपाटामागून बाहेर पडली, हातात पाना, केसांत जळमटं. सासूनं अशी किंकाळी फोडली की मास्तरांच्या घरातला दिवा लागला.

“बंद करू नका, आई! चालू राहू दे! सरका, पलीकडे सरका!”

भेदरलेली सासू सरकली. सूनबाईनं आत बसून चोक अर्धा आत ढकलला, हलकेच पेट्रोल दिलं, इंजिनाचा खोकला ऐकत राहिली. हळूहळू आवाज एकसुरी झाला. तिनं गाडी शेडबाहेर काढली.

“अगं, कुठं नेतेस मला? पायात नुसत्या चपला आहेत.”

“डेअरीत. आता थांबवली तर पुन्हा सुरू व्हायची नाही.”

रस्ता मोकळा होता. पाच वाजायचे होते, म्हणजे घाई कसलीच नव्हती. मग सासूनं विचारलं, “माझं काही चुकलं का?”

सूनबाईला खोटं बोलता आलं असतं. पण दिवसभर दुधातलं पाणी शोधणाऱ्या बाईला ते जमेना. तिनं सगळं सांगितलं. आधी बाबा सुरू करून बंद करतात, मग तुम्ही. इंजिन तापायच्या आत बंद केलं की पेट्रोल आत साचतं. माझी पाळी येईपर्यंत दोनदा साचलेलं असतं.

“म्हणजे हेही करतात?” सासूला आधी त्याचंच नवल वाटलं. “मला म्हणतात फिरायला जातो!” आणि मग तिच्या लक्षात आलं. “म्हणजे तुझे दोन उशीर... आमच्यामुळे?”

“हो, आई.”

सासू शालीचं टोक तोंडाला लावून रडू लागली. “आम्ही तुझं चांगलं करायला गेलो, आणि तुझ्या नोकरीवर उठलो.”

“तुम्ही रडू नका हो. मला किती आनंद झालाय ते मला सांगताच येत नाहीये.” सूनबाईचा आवाज फाटला. “मला वाटायचं, मी गेले तरी तुम्हाला चालेल. दादाचं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बरोबर आहे. बाबा म्हणाले, तिची मर्जी.”

“मग काय म्हणायचं?” सासू एकदम उसळली. रडताना चिडणं हे फक्त तिलाच जमायचं. “मुलगा नाही, नातू नाही. कुठल्या तोंडानं तुला राहा म्हणणार? तुझं वय काय, आमचं काय. दोन म्हाताऱ्यांच्या दावणीला बांधून घालायचं होय तुला? तोंडानं म्हणता येत नव्हतं, म्हणून म्हटलं, थंडी पडलीय तर निदान गाडी तरी गरम करून ठेवावी. तेवढंच हातात होतं.”

सूनबाईला समोरचा रस्ता दिसेना. तिनं गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं. थोडा वेळ दोघींनी मोकळेपणानं रडून घेतलं.

“आणि तिसरा उशीर झाला तर?” ती नाक पुसत म्हणाली. “नोकरी गेली तर?”

“गेली तर गेली. दुसरी बघ. नाही मिळाली तर बस घरी, मला निवडायला-टिपायला दिसत नाही हल्ली. आम्ही काय त्या डेअरीसाठी पहाटे उठत होतो?”

हे वाक्य सूनबाई जन्मात विसरणार नव्हती. लग्न होऊन आठ वर्षं ह्या घरात ती होती. सून म्हणून आली, नंतर नवऱ्यामागे राहिलेली म्हणून राहिली, आणि कुठल्या हक्कानं, ते तिचं तिलाच उमगत नव्हतं. आता विचारायचं काही उरलं नव्हतं. तिला सासूचे आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “शाल नीट घ्या, खिडकीतून वारं येतंय.”

डेअरीच्या फाटकाशी पोचतात तोच फोन वाजला. सासरे. आवाजात घबराट.

“सूनबाई, तू कुठं आहेस? गाडी चोरीला गेली! मास्तरांनी वाटेतून परत बोलावलं मला, म्हणतात किंकाळी ऐकू आली. आणि तुझी सासूही घरात नाही!”

“दोन्ही माझ्याकडे आहेत, बाबा.”

मग तिनं त्यांनाही सांगितलं.

“डेपोत पंचवीस वर्षं हेच केलं,” सासरे हळू आवाजात म्हणाले. “पहाटे सगळ्या बस एकदा सुरू करून ठेवायच्या. मग वेळेला एकही अडत नसे.”

“त्या डिझेलच्या होत्या, बाबा. ही पेट्रोलची आहे, आणि हिला चोक आहे.”

“आवाजानं तुला उठवायचं नव्हतं, म्हणून तीसच मोजायचो,” ते म्हणाले. आणि मग, जरा सावरून, “पण तुझ्या सासूला चोकमधलं काय कळतं?”

“हे तुम्हीच विचारा त्यांना.” तिनं फोन सासूकडे दिला. पुढची पाच मिनिटं नवराबायको जे भांडले, ते ऐकून फाटकावरचा रखवालदार हसून हसून बेजार झाला.

पहिला टँकर यायला अजून पाऊण तास होता. सूनबाईनं सासूला प्रयोगशाळेत आणून खुर्चीवर बसवलं, आदल्या दिवशीचं तपासलेलं दूध गरम करून पेलाभर हातात दिलं. साडेपाचला थर्मामीटर बाई आल्या आणि दारातच थबकल्या. “ह्या कोण?”

“माझ्या सासूबाई. माझे दोन उशीर ह्यांच्यामुळे झाले.”

बाईंनी सासूकडे पाहिलं. चपला, शाल, रडून सुजलेले डोळे, ओठावर मिशीसारखी लागलेली साय. काय समजायचं ते त्या समजल्या असाव्यात किंवा नसाव्यात. “साडेसहाच्या बसनं जातील ना? तोवर बसू देत,” एवढं म्हणून त्या आत गेल्या. झालेले उशीर काही खोडले गेले नाहीत. तसा त्यांच्याकडे रिवाजच नव्हता.

पावणेसहाला टँकर आला. सूनबाईनं दांड्यानं दूध ढवळलं, नमुना काढला, तापमान घेतलं, वास घेतला, आम्लता पाहिली, आणि तोटी उघडायला सांगितलं. सासू डोळे विस्फारून बघत होती. एवढा मोठा टँकर आपल्या सुनेच्या एका शब्दावर अडतो आणि सुटतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बसला जाताना तिनं रखवालदाराला थांबवून ते ऐकवलं.

दुपारी दोनला पाळी संपली. गाडी बाहेर उन्हात उभी होती. आत बसल्यावर किल्ली फिरवायच्या आधी सूनबाईनं भावाला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून तो घाबरला.

“काय गं? सगळं ठीक ना?”

“ठीक आहे, दादा. एवढंच सांगायचं होतं, की मी येत नाही. वरची खोली तू भाड्यानं दे.”

“अरे वा! म्हणजे नोकरी पक्की झाली?”

“ते कळायला अजून वीस दिवस आहेत,” ती म्हणाली.